फोन लॉकरमध्ये, लाज बाहेर: किनोसाकी नावाचं गरम पाण्याचं गाव

लोकलमध्ये लटकत ऐकताय, जिममध्ये ऐकताय की रात्री दिवा बंद करून? कुठेही असा, आज आपण जरा गरम पाण्यात उतरणार आहोत. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे ‘म्हणजे बघा’ आणि ‘तर काय’ झालं, त्यातलं थोडं कापलंय, थोडं मुद्दाम ठेवलंय.

जपानवरच्या मागच्या भागानंतर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: “ओन्सेनमध्ये खरंच सगळे कपडे काढायला लागतात का?”

हो. सगळे. आता पुढे बोलू.

ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारं गरम पाणी, आणि त्या पाण्यावर बांधलेलं स्नानगृहही. जपानमध्ये याचा चक्क कायदा आहे, १९४८ चा. त्यानुसार जमिनीतून बाहेर येताना पाण्याचं तापमान २५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असायला हवं, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एक तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात हवा. म्हणजे बॉयलर लावून तापवलेल्या साध्या नळाच्या पाण्याला ओन्सेन म्हणता येत नाही. देशभरात असे २७ हजारांहून जास्त उगम आहेत. त्या सगळ्यांची यादी मी देणार नाही. मी एकाच गावाची गोष्ट सांगणार आहे, कारण तिथे आंघोळीपेक्षा मोठं काहीतरी कळलं.

गावाचं नाव किनोसाकी. जपानच्या पश्चिम भागात, ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या जवळ. मी कामानिमित्त ओसाकात राहते. गेल्या नोव्हेंबरमध्ये आई पहिल्यांदा आली, तेव्हा तिला घेऊन गेले. ओसाकाहून थेट एक्स्प्रेस गाडी आहे, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. क्योतोहून अडीच तास. ओसाकाकडून जाणाऱ्या गाडीचं नाव ‘कोनोतोरी’, म्हणजे करकोचा. हा पक्षी लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

अख्खं गाव म्हणजे एक घर

किनोसाकीत एक म्हण चालते: गाव म्हणजे एकच मोठी सराय आहे. स्टेशन हा दरवाजा, रस्ता ही ओसरी, राहायच्या जागा या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहं ही न्हाणीघरं. ऐकायला जाहिरातीसारखं वाटतं ना? पण संध्याकाळी खरंच तसं दिसतं.

तुम्ही ज्या रिओकानमध्ये, म्हणजे पारंपरिक सरायीत उतरता, ते तुम्हाला युकाता देतात. युकाता म्हणजे सुती अंगरखा, कमरेला पट्टा. पायात लाकडी खडावांसारख्या गेता. (युकाता घालताना डावी बाजू वर घ्यायची. उजवी बाजू वर फक्त मृत माणसाला नेसवताना घेतात. आईने पहिल्यांदा नेमकं तेच केलं आणि सरायीतल्या बाईंनी हसत हसत पण लगेच धावत येऊन बदललं.) मग त्याच वेषात सगळे बाहेर पडतात. मधोमध ओतानी नावाची छोटी नदी वाहते. नदी कसली, आपल्याकडच्या ओढ्याएवढीच. दोन्ही काठांना विलो झाडं, दगडी कमानीचे पूल, आणि रस्ताभर गेतांचा खट् खट् आवाज.

गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. त्यांना सोतोयु म्हणतात, म्हणजे ‘बाहेरचं गरम पाणी’. सरायीत मुक्काम असेल तर तिथला प्रवेश मुक्कामाच्या पैशातच येतो. प्रत्येकाची सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, त्यामुळे आधी बघून जा. आणि एक महत्त्वाचं: अंगावर टॅटू असेल तर जपानमध्ये बऱ्याच ओन्सेनमध्ये आत घेत नाहीत. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत चालतो. टॅटूवाल्या मंडळींनो, तुमची सोय झाली.

पहिल्या संध्याकाळी आईने दारातूनच परत फिरायचं ठरवलं. “मी नाही गं बाई. तू जा. मी इथे पाय बुडवून बसते.” रस्त्याकडेला पाय बुडवायची फुकट कुंडं असतात, तिथे ती बसली. मी एकटीच आत गेले. खरं सांगू? माझीही छाती धडधडत होती.

आत नेमकं काय करायचं

आता शांतपणे ऐका, कारण हे कुणी नीट सांगत नाही.

बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. दारावर पडदे असतात. कपडे काढायच्या खोलीत टोपली किंवा लॉकर असतो. सगळे कपडे तिथेच ठेवायचे, स्विमिंगचा पोशाख चालत नाही. फोन लॉकरमध्ये. आत फोटो नाही म्हणजे नाही. ‘फक्त कुंडाचा घेते’ हेही नाही.

आत गेलात की छोटं स्टूल, नळ, शॉवर, साबण. स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं. साबण पूर्ण निघेपर्यंत. कुंड अंग साफ करायला नसतं, धुतलेलं अंग शेकायला असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी नियम आपोआप कळतात. केस वर बांधायचे. छोटा पंचा हातात असतो तो पाण्यात बुडवायचा नाही. लोक घडी करून डोक्यावर ठेवतात. उडी नाही, पोहणं नाही, मोठ्याने गप्पा नाहीत.

पाणी साधारण ४२ अंशांचं असतं. आपल्या अंगाच्या तापमानापेक्षा पाचेक अंश जास्त. ऐकायला कमी वाटतं, पण गळ्यापर्यंत बसलात की पाचव्या मिनिटाला कपाळावर घाम येतो. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. बाहेर या, बसा, पाणी प्या, मग परत जा. दारू पिऊन जाऊ नका. बीपी, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थंडीत गार खोलीतून एकदम कडक पाण्यात गेलं की रक्तदाब पटकन वरखाली होतो, म्हणून आधी तांब्या-दोन तांबे पाणी पायांवर, मग खांद्यांवर घ्यायचं.

आणि लाज? ती साधारण तीन मिनिटं टिकते. चौथ्या मिनिटाला लक्षात येतं की आपल्याकडे कुणीही बघत नाहीये. आज्या आहेत, शाळकरी मुली आहेत, बाळंतपणाच्या खुणा असलेल्या बायका आहेत. फिल्टर लावलेली शरीरं दिवसभर फोनवर बघणाऱ्या मला ते बघून का कोण जाणे, एकदम हलकं वाटलं.

हे पाणी कुणाचं?

आता मुद्द्याकडे येते. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, की एवढ्या महागड्या सरायी आहेत, तर लोक आंघोळीला बाहेर रस्त्यावर का जातात? सरायीत मोठी कुंडं का नाहीत?

या प्रश्नाच्या उत्तरात या गावाचं तेवीस वर्षांचं भांडण आहे.

पूर्वी किनोसाकीच्या सरायींमध्ये गरम पाण्याचं कुंड नसायचंच. पाणी गावाचं, स्नानगृहं गावाची. पाहुणे बाहेर जायचे आणि जाता-येता दुकानात थांबायचे, खायचे, काहीतरी विकत घ्यायचे. मग मे १९२५ मध्ये मोठा भूकंप झाला. दुपारच्या जेवणाची वेळ जवळ आलेली, घरोघरी चुली पेटलेल्या, घरं लाकडी. आग लागली आणि गाव जवळजवळ पूर्ण जळलं. त्या भूकंपात एकूण चारशेहून जास्त माणसं गेली.

गाव पुन्हा उभं राहिलं. नदीचे काठ दगडाने बांधले, रस्ते रुंद केले. तेवढ्यात, १९२७ मध्ये, एका सरायीने आपल्या नव्या इमारतीत स्वतःचं कुंड बांधलं. म्हटलं तर साधी गोष्ट. माझी जागा, माझी सराय, माझं कुंड. पण गाव पेटून उठलं. लोकांची भीती दोन प्रकारची होती. एक, प्रत्येकाने स्वतःसाठी पाणी ओढलं तर जमिनीखालचं पाणी पुरेल का? दोन, मोठ्या सरायींचे पाहुणे आतच आंघोळ करायला लागले तर रस्ता ओस पडेल, लहान सरायी आणि दुकानं मरतील.

प्रकरण कोर्टात गेलं. गाव दोन तटांत विभागलं. मध्ये महायुद्ध झालं, जपान हरला, तरी हा वाद चालूच होता. तडजोड झाली ती १९५० मध्ये. काय ठरलं? सरायींना आत कुंड बांधता येईल, पण ते लहानच ठेवायचं. आणि पाण्यावरचा हक्क सामाईक, गावाच्या संस्थेचा. पुढे १९७० च्या दशकात उगमांचं पाणी एकत्र करून नळांनी सगळीकडे वाटायची सोय झाली.

म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं सोडावं लागलं. आणि आज संध्याकाळी जो गेतांचा आवाज येतो, तो त्या तडजोडीमुळे. सगळ्यांची कुंडं मोठी असती तर सगळे आत बसले असते. सरायीतलं कुंड छोटं म्हणून माणूस बाहेर पडतो. माणूस बाहेर पडतो म्हणून गाव चालतं.

हे फक्त जुन्या काळाचं प्रकरण आहे असं समजू नका. क्युशू बेटावरच्या उरेशिनो नावाच्या ओन्सेन गावात पर्यटक वाढले, खोलीखोलीत खासगी कुंडं आली आणि काही वर्षांत जमिनीखालच्या गरम पाण्याची पातळी खाली गेल्याची बातमी २०२५ मध्ये गाजली. उत्तरेकडच्या यामागाता प्रांतातल्या गिन्झान ओन्सेनमध्ये बर्फातले दिवे बघायला एवढी गर्दी व्हायला लागली की हिवाळ्यात संध्याकाळनंतर मुक्कामाला नसलेल्यांच्या प्रवेशावर बंधनं आणावी लागली. रील सुंदर होतं, पण त्या अरुंद गल्लीत माणसं मावेनात.

पाणी गरम होतं कसं

थोडं विज्ञान, कंटाळू नका. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वाटेत खडकांतले क्षार घेऊन येतं. जपान भूपट्टांच्या सांध्यावर बसलाय, ज्वालामुखी भरपूर, म्हणून उष्णता वरच्या थरांतच मिळते. पण प्रत्येक ओन्सेनला धूर ओकणारा डोंगर लागतोच असं नाही. किनोसाकीजवळ तसा एकही जागा ज्वालामुखी नाही. आपल्या कोकणपट्टीतही नाही, तरी वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत गरम पाण्याचे झरे आहेतच. खोल भेगा आणि जमिनीच्या पोटातली उष्णता एवढं पुरतं.

ही प्रक्रिया सावकाश चालते. आज कुंडात आलेलं पाणी काल पडलेला पाऊस नसतो. म्हणून उपसा भरण्यापेक्षा वेगाने झाला की पातळी उतरते, आणि पैसे टाकून ती लगेच वर आणता येत नाही.

नदीपलीकडचे खांब आणि परत आलेला पक्षी

किनोसाकीला जाऊन नुसतं पाण्यात बसून परत येऊ नका. गावाशेजारून मारुयामा नदी वाहते, रुंद आणि संथ. नदीच्या पलीकडे, साधारण पाच किलोमीटरवर, गेन्बुदो आहे. १६ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे पाचकोनी-षटकोनी खांब झाले. बसाल्टला जपानी भाषेत ‘गेन्बुगान’ म्हणतात, ते या जागेवरूनच, १८८४ पासून. मुंबईकरांनो, अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवा. तेही बसाल्टचेच खांब, फक्त आपले साडेसहा कोटी वर्षांचे.

इथेच मोतोनोरी मात्सुयामा या शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये खडकांचं चुंबकत्व मोजलं आणि ते आजच्या उलट दिशेला निघालं. त्यातून, इतर ठिकाणचे नमुनेही तपासून, त्यांनी १९२९ मध्ये मांडलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कधीकाळी उलटं होतं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही. आज त्या सगळ्या कालखंडालाच मात्सुयामांचं नाव आहे. आणि मघाशी मी म्हटलं ना, भूकंपानंतर ओतानी नदीचे काठ दगडाने बांधले? त्या बांधकामात गेन्बुदोचेच दगड वापरले आहेत. काठावर वाकून बघा, षटकोनी आकार ओळखू येतात.

आता तो करकोचा. गावातली दंतकथा अशी, की जखमी करकोचा एका पाणथळ जागेत पाय शेकत बसलेला लोकांना दिसला, तो बरा होऊन उडाला, आणि तिथे कोनोयु हे स्नानगृह झालं. दंतकथेतला पक्षी बरा झाला, पण खरा पक्षी मेला. शेतात कीटकनाशकं आली, पाणथळ जागा गेल्या, बेडूक-मासे संपले. जपानमधला शेवटचा रानटी करकोचा १९७१ मध्ये याच तोयोओका परिसरात गेला.

लोकांनी तिथेच सोडून दिलं नाही. १९८५ मध्ये रशियातल्या खाबारोव्स्कहून सहा पिल्लं आणली. १९८९ मध्ये पहिल्यांदा पिंजऱ्यात प्रजनन जमलं. २००५ मध्ये पाच पक्षी उघड्या आकाशात सोडले. २००७ मध्ये, ४६ वर्षांनी, जंगलात जन्मलेलं पिल्लू घरट्यातून उडालं. पण पक्षी सोडण्याआधी त्याचं ताट भरायला हवं होतं. म्हणून शेतकऱ्यांनी कीटकनाशकं बंद केली किंवा खूप कमी केली, भातखाचरात जास्त दिवस पाणी ठेवलं. तो तांदूळ आज करकोच्याच्या नावाने जास्त भावाने विकला जातो. आता जपानभर मोकळे फिरणारे करकोचे ३०० हून जास्त आहेत, आणि मारुयामाचं खालचं खोरं २०१२ पासून रामसर पाणथळ यादीत आहे.

आम्ही सकाळी नदीकाठच्या भातशेतात दोन पक्षी पाहिले. पांढरे, पंखांची टोकं काळी, पाय लाल. कापलेल्या शेतातल्या साचलेल्या पाण्यात चोच मारत होते. आई बराच वेळ बघत राहिली. “म्हणजे यांनी शेत त्याच्याबरोबर वाटून घेतलं,” ती म्हणाली. मी दोन दिवस जे वाचत होते ते तिने एका वाक्यात सांगितलं.

आणि आईचं काय झालं?

त्याच दिवशी दुपारी ती स्वतःहून म्हणाली, “चल, जाऊ या तुझ्या त्या करकोच्याच्या कुंडात.” कोनोयुला बागेत उघड्यावरचं कुंड आहे. आत गेल्यावर ती पंचा धरून कोपऱ्यात उभी राहिली. शेजारच्या स्टुलावरच्या एका आजींनी काही न बोलता तिच्यापुढे बादली सरकवली आणि स्वतःच्या पायावर पाणी ओतून दाखवलं: असं, आधी पाय. आईने तसंच केलं. मग दोघी शेजारी शेजारी पाण्यात बसल्या. एकीला मराठी येतं, दुसरीला जपानी. गप्पा काही झाल्या नाहीत, पण दोघींनी एकदमच “आऽऽ” केलं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “कुणी बघतच नाही गं.” मग म्हणाली की लहानपणी ती आजीबरोबर एसटीने वज्रेश्वरीला जायची. लुगडं नेसूनच सगळ्या बायका कुंडात उतरायच्या, आणि कुंडाकाठी अनोळखी बायकासुद्धा एकमेकींची पाठ चोळून द्यायच्या. “आपल्याकडेही होतं की हे,” ती म्हणाली. तिचे गुडघे त्या रात्री कुरकुरले नाहीत. गरम पाण्याने कायमचं बरं होतं असं मी म्हणणार नाही, पण झोप मात्र दोघींना गाढ लागली.

जायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी पटकन. एक, नोव्हेंबर ते मार्च खेकड्याचा हंगाम. दर चढे, खोल्या लवकर भरतात. दोन, शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच सांगा, आणि ‘दाशी’ चालत नाही हेही सांगा. दाशी म्हणजे बहुतेक वेळा माशाचा अर्क, तो साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही असतो. तीन, मुक्काम एक रात्र तरी करा. या गावाची खरी मजा संध्याकाळी आहे. चार, रोपवेने डोंगरावर जा, मध्ये ओन्सेनजी मंदिर लागतं, वरून नदी समुद्राला मिळते ती दिसते.

आणि एक विनंती. परत आल्यावर आपल्याकडच्या एखाद्या कुंडावरही जा. गेलात तर साबणाचं पाकीट काठावर टाकून येऊ नका, आणि पाण्यात उतरण्याआधी अंग धुवा. एवढ्यासाठी जपानचं तिकीट काढावं लागत नाही. आपल्यानंतर कुणीतरी त्याच पाण्यात उतरणार आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुमच्या गावाजवळ गरम पाण्याचा झरा असेल तर मला नक्की कळवा, त्यावर एक भाग करू. तोपर्यंत काळजी घ्या, पाणी प्या, आणि आंघोळीला जाताना फोन बाहेर ठेवा. भेटू या पुढच्या भागात!